माईक घेण्याआधी खोलीकडे बघ

चि. मृण्मयी हिस,


रियाज घरीच रेकॉर्ड करायचा म्हणतेस, उत्तम. दुकानदाराने कंडेन्सर माईक गळ्यात मारायचं ठरवलेलं दिसतंय. कंडेन्सर वाईट नव्हे. खोली शांत असती तर ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० मीच घ्यायला लावला असता. पण तुमचा हॉल म्हणजे उघड्या टाइल्स, मोकळ्या भिंती आणि खाली रिक्षा स्टँड. तिथे दोन फुटांवर कंडेन्सर ठेवलास तर गाण्याबरोबर शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही इमानाने रेकॉर्ड होतील.

तू डायनॅमिक घे. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून बाजारात आहे आणि मांडवामांडवांतून आपटूनही टिकतो. मात्र त्याच्या नकला सर्रास विकल्या जातात, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घे. तेवढे पैसे नसतील तर बेहरिंगरचा एक्सएम८५०० निम्म्याहून कमी किमतीत येतो. रियाजाला तो पुरे. कोणताही घेतलास तरी माईक कॉम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस लागेलच. त्याचा गेन ६० डेसिबलच्या आसपास जातो का ते बघ, कारण डायनॅमिकचा आवाज मुळातच बारीक येतो.

आता खरी गोष्ट अंतराची. माईकपासूनचं अंतर निम्मं केलं की तुझा आवाज साधारण ६ डेसिबलने चढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून वीतभर अंतरावरून गा. त्याहून जवळ गेलीस की खर्ज उगाच फुगतो; ऐकायला भारदस्त वाटतं, पण तो तुझा आवाज नव्हे. माईक ओठांच्या रेषेत नको, किंचित बाजूला ठेवून तोंडाकडे तिरका कर, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना हवेचा धक्का बसणार नाही.

आपण मांडी घालून गातो आणि दुकानातले बहुतेक स्टँड उभ्या गायकांसाठी असतात. आडवा दांडा असलेला बुटका स्टँड माग. हे माईक कार्डिऑइड आहेत, म्हणजे पाठीकडचं सगळ्यात कमी ऐकतात. तेव्हा पेटीवाल्याला तुझ्या शेजारी न बसवता समोर, माईकच्या पाठीशी बसव. भात्याचा फुसफुसाट आणि पट्ट्यांची खटखट निम्मी तिथेच मरते. तानपुरा मोबाइलवर लावणार असशील तर तो एका कानातल्या इअरफोनमध्ये ऐक. स्पीकरवर लावलास तर तो गाण्यात मिसळेल आणि मग वेगळा काढता येणार नाही.

पंखा बंद. तुझ्यामागे दोरीवर दोन जाड गोधड्या टांग, कारण माईकचं तोंड त्याच दिशेला असतं आणि मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट त्यात शिरतो. अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला कुणीतरी देईलच. त्याने भिंत फक्त कुरूप होते.

लेव्हल लावताना आलापावर लावू नकोस. आधी तार षड्जावरची जोरकस तान घे आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन ठेव. २४ बिटवर रेकॉर्ड केलंस तर आलाप बारीक आला म्हणून काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतो. तान फाटली तर मात्र गेलीच.

पहिलं रेकॉर्डिंग झालं की पाठव. रिव्हर्ब न लावता पाठव.

तुझा,
मामा