कात्री कोणाची?

आमचा भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. पाऊस लागला की बांधीबांधीत रोवणी सुरू होते. गेल्या पावसाळ्यात साकोली तालुक्यातील आमच्या गावी मी मोबाईलवर या रोवणीचे चित्रण केले. चार दिवसांत तीन तासांचे चित्रण जमले आणि आपण आता दिग्दर्शक झालो, असे मला मनोमन वाटू लागले.

तीन तासांचे चित्रण म्हणजे चित्रपट नव्हे, हे मात्र मित्राच्या खोलीत कळले. तो लग्नाच्या व्हिडिओंचे मिक्सिंग करून घर चालवतो. आठ रात्री आम्ही त्याच्या संगणकापुढे बसलो. मी म्हणे, "तळ्यावरचा सूर्यास्त आधी घे." तो घेई, मला दाखवी आणि मग हळूच काढून टाकी. शेवटी त्याने एक तुकडा शोधून काढला. तो मी मुद्दाम घेतलाच नव्हता. मोबाईल बंद करायचा राहून गेला होता, इतकेच. रोवणी आटोपून आजी बांधावर बसते, लुगड्याला हाताचा चिखल पुसते आणि काही न बोलता बांधीकडे पाहत राहते.

"इथे काहीच घडत नाही, काप," मी म्हणालो.

"राहू दे गा. थकली हाय ना ते, दिसू दे."

अकरा सेकंद राहिले. मग नावे घालायची वेळ आली. मी सांगत गेलो आणि तो टंकत गेला : दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन. तिन्हींपुढे माझे नाव! 'इथे काप, तिथे जोड' असे मीच सांगत होतो, मग संकलन माझेच नाही का? तो एक शब्द बोलला नाही.

स्नेहसंमेलनात फिल्म दाखवली. आजी बांधावर बसली आणि गलका करणारे सभागृह एकाएकी गप्प झाले. नंतर सरांनी विचारले, "ती शांतता ठेवावी, हे कसे सुचले?"

"सहज सुचले, सर," मी म्हणालो. त्या रात्री झोप आली नाही.

पुढे वाचनालयात चित्रपटांवरची पुस्तके चाळली. १९८३ साली 'जाने भी दो यारों' आणि 'अर्धसत्य' हे दोन्ही चित्रपट आले. एक पोट धरून हसवणारा, दुसरा काळीज जाळणारा. कुंदन शहा आणि गोविंद निहलानी यांची नावे मला ठाऊक होती. पण दोन्हींचे संकलन रेणू सलुजा या एकाच बाईंचे, हे ठाऊक नव्हते. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) म्हटले की दादासाहेब फाळके आठवतात. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या आणि चित्रीकरणाला आलेल्या साऱ्या मंडळींना रांधून वाढणाऱ्या सरस्वतीबाई आपल्यापैकी किती जणांना आठवतात? उलट 'संत तुकाराम' (१९३६) पाहा. दिग्दर्शक म्हणून दामले आणि फत्तेलाल अशी दोन नावे शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे कोणाचेही नाव लहान झालेले नाही.

खरे तर हे शिकायला पुस्तकाची गरज नव्हती. रोवणीत बांधी एकाची असते, पण पऱ्हे लावणारे हात वीस असतात. 'हे सगळे मीच रोवले', असे धुऱ्यावर उभा राहून कोणी मालक म्हणाला, तर बाया त्याला हसतील.

मी मित्राकडे गेलो आणि सरांपुढे काय बोललो, ते सांगितले. तो थोडा वेळ संगणकाकडेच पाहत राहिला. मग म्हणाला, "नावानं का होते गा?" पण लगेच त्याने फाईल उघडली. संकलनापुढचे माझे नाव खोडून त्याने स्वतःचे टंकले, आणि त्यात एक चूक झाली. इतरांची नावे बिनचूक लिहिणारा हा मुलगा स्वतःचे नाव लिहिताना अडखळला!

दुसऱ्या दिवशी सरांनाही खरे सांगितले. ते एवढेच म्हणाले, "त्यालाही घेऊन ये एकदा."

या लेखात मित्राचे नाव नाही, कारण मासिकात छापू नको, असे त्यानेच बजावले. पडद्यावर मात्र ते आहे. पुन्हा दाखवू तेव्हा शेवटपर्यंत बसा.