वीतभर खेळ

आमच्या जीपच्या सुकाणूंत दोष आहे, ही गोष्ट मला पस्तीस वर्षें ठाऊक नव्हती. ज्या दिवशीं ती ठाऊक झाली त्या दिवशीं मी माझ्या मुलीवर रागावलों होतों. तो राग अगदीं अस्थानीं होता, हें येथेंच कबूल करून टाकतों. म्हणजे पुढची हकीकत सांगतांना मन मोकळें राहील.

जीप आमच्या घरीं 1979 सालीं आली. वडिलांनीं—त्यांना आम्ही आबा म्हणतों—ती एका लिलावांत घेतली. सीजे-थ्री-बी जातीची, उंच छातीची, समोरून पाहिलें तर फेटा जरा जास्तच वर चढविलेल्या पाटलासारखी दिसणारी. हें रूप अमेरिकेंत विलिस कंपनीनें 1953 सालीं बाजारांत आणलें. नवें एंजिन पूर्वीच्या एंजिनापेक्षां उंच निघालें, म्हणून बिचारीचें कपाळ वर उचलावें लागलें, एवढेंच त्या रुबाबाचें रहस्य! पुढें महिंद्रांनीं हीच गाडी आपल्या देशांत वर्षानुवर्षें बनविली. तिच्या सौंदर्याविषयीं मतभेद होऊं शकेल. परंतु शाहूवाडी तालुक्यांतल्या आमच्या शेतावर आषाढांतल्या चिखलांतून पोंचणारें तिच्याइतकें भरंवशाचें वाहन आम्हांला दुसरें मिळालें नाहीं. तिनें खत वाहिलें, उसाचें बेणें वाहिलें, अडलेल्या बाया मलकापुरास नेल्या, आणि माझी नवरी मुलगीही तिनेंच घरीं आणली.

आबा जीप चालवीत तेव्हां त्यांचे दोन्ही हात सारखे हालत असत. रस्ता सुतासारखा सरळ असला तरी चाक जरा डावीकडे, जरा उजवीकडे. पाळण्याला झोका द्यावा तसें. लहानपणीं शेजारच्या बैठकीवरून मी तें पाहात असें, आणि गाडी चालविणें म्हणजे हेंच, अशी माझी समजूत झाली होती. 1988 सालीं मी त्यांच्याकडून शिकलों, तेव्हां तो झोकाही शिकलों. हातांना एकदां संवय झाली कीं हात तिची वार्ता डोक्याला कळवीत नाहींत. तेव्हांपासून गेल्या मार्गशीर्षापर्यंत मी त्या चाकाला झोके देत आलों आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मुलगी गाडी चालवायला शहरांत शिकली. तिकडच्या गाडीचें चाक करंगळीनें फिरतें. सुट्टींत घरीं आली तेव्हां जीप चालविण्याचा हट्ट तिनें धरला, आणि मीही मोठ्या अभिमानानें तिच्या शेजारीं बसलों. गांवापासून मैलभर अंतरावर ओढ्याचा अरुंद पूल आहे. पुलावर समोरून एक बाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येत होती. गाडी किंचित् तिच्या बाजूला सरकली. मुलीनें चाक फिरविलें. गाडी सरकतच राहिली. तिनें आणखी फिरविलें आणि मग गाडी एकदम दुसरीकडे उसळली. पुढचें चाक पुलाच्या कठड्याला घासून आम्ही थांबलों. बाई भाऱ्यासकट कठड्याला पाठ लावून उभी होती. तिच्या पायांत आणि आमच्या मागच्या चाकांत हातभर अंतर असेल. ती कांहीं बोलली नाहीं. भारा सांवरून, आमच्याकडे एकवार पाहून, ती निघून गेली. तिनें चार शिव्या दिल्या असत्या तर बरें वाटलें असतें.

मुलीला मी काय काय बोललों तें येथें लिहीत नाहीं. तिनें ऐकून घेतलें आणि इतकेंच म्हटलें, "बाबा, चाक फिरवलं तरी गाडी वळतच नाही."

"गाडी वळत नाही? सरक तिकडे!" असें म्हणून मी तिच्या जागेवर बसलों आणि मोठ्या ऐटींत पुढें अर्धा मैल जीप नेऊन दाखविली. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ गेली. "पाहिलंस?" मीं विचारलें.

ती रस्त्याकडे पाहातच नव्हती. ती माझ्या हातांकडे पाहात होती. "तुम्ही सारखं चाक का हलवताय?" ती म्हणाली.

मीं खालीं पाहिलें. माझे हात आबांचे झाले होते.

दुसऱ्या दिवशीं कोल्हापूरच्या उद्यमनगरांत ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलों. मेस्त्री पोतें अंथरून गाडीखालीं शिरले आणि आंतून आवाज आला, "मालक, चाक हलवा." मीं हलविलें. थोड्या वेळानें पुन्हां, "हलवा की!" "हलवतोय." "अहो, चाक हलवा म्हणतोय मी, हात न्हवं!" मीं चाक वीतभर फिरविलें होतें, आणि खालीं त्यांच्या बोटाखालचा ड्रॉप आर्म, म्हणजे पेटींतून निघून पुढच्या दांड्यांना ओढणारा लोखंडी हात, जागचा हलला नव्हता. त्यांनीं प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहिलें. टाय-रॉडचीं टोकें ठीक, मधली बेलक्रँक ठीक, चाकांचे किंगपिन ठीक. राहिली एकच जागा: चाकाच्या दांड्याच्या तळाशीं असलेली स्टिअरिंगची पेटी.

यंत्रज्ञ लोक ह्या ढिलाईला 'प्ले' म्हणतात आणि आपले मेस्त्री त्याचें सरळ मराठी करून 'खेळ' म्हणतात. शब्द मोठा निरुपद्रवी आहे! 'चाकाला वीतभर खेळ आहे,' हें ऐकून अंगावर कांटा येत नाहीं. तें वीतभर अंतर पुलावर त्या बाईच्या पायापर्यंत पोंचलें होतें.

आतां वाचकाला घटकाभर त्या पेटीच्या पोटांत नेल्यावांचून गत्यंतर नाहीं. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानच्या लाफायेट गांवीं रॉस नांवाची कंपनी होती. जुन्या विलिस जीपमध्यें तिच्याच पद्धतीची पेटी असते. चाकाच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक जाड मळसूत्र, त्याच्या अंगावर नागमोडी खोबण, आणि त्या खोबणींत निमुळत्या डोक्याच्या दोन खुंट्या. चाक फिरलें कीं मळसूत्र फिरतें, खोबण खुंट्यांना सरकविते, खुंट्या ज्या दांड्यावर बसविल्या आहेत तो दांडा वळतो, आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला ड्रॉप आर्म असतो. सारा कारभार इतकाच. परंतु ही खोबण कातणाऱ्यानें एक गोष्ट फार विचारपूर्वक केली आहे. गाडी सरळ जात असतांना खुंट्या जेथें असतात, त्या मध्यावर खोबण मुद्दाम जरा कमी खोल ठेवलेली असते. कारण माणूस आयुष्यांत वळणें घेतो त्यापेक्षां पुष्कळ अधिक सरळ चालतो, आणि झीज व्हायची ती मध्यावरच व्हायची, हें त्याला ठाऊक होतें. झीज झाली कीं पेटीच्या कुशीवरचा एक स्क्रू थोडा आवळावा, म्हणजे खुंट्या आंत सरकून मध्यावर पुन्हां घट्ट बसतात आणि टोकांकडे मात्र मोकळ्याच राहतात. झिजेला आगाऊ दिलेली ही सवलत मला एखाद्या शहाण्या सासऱ्यासारखी वाटते!

परंतु सवलतीलाही तळ असतो. दर दसऱ्याला गाडीची पूजा करण्यापूर्वीं आबा तो स्क्रू पाव फेरा आवळीत. कित्येक वर्षें त्याचा उपयोग झाला असेल. पुढें मध्यावरची सवलत संपली. मग स्क्रू आवळला कीं सरळ रस्त्यावर गाडी चार दिवस नीट चाले, पण आंबा घाटाच्या वळणांवर चाक अडखळे आणि आपल्या आपण परत येईना. कारण टोकांकडे खोबण कोरीच होती. तिथें खुंट्या आवळून जाऊं लागल्या. मग स्क्रू पुन्हां ढिला करणें आलें. अशा रीतीनें घट्ट आणि ढिलें यांच्यामध्यें आमचा एक तह होऊन गेला, आणि त्या तहाचीं कलमें हातांनीं पाठ केलीं. मींही आबांच्या मागें तीच चाल चालविली, म्हणून दोष एकट्या त्यांना देतां येत नाहीं.

मेस्त्रींनीं पेटी उघडली तेव्हां आंतून काळें, रबरासारखें घट्ट झालेलें ग्रीस निघालें. तळाच्या सीलमधून तेल गळतें म्हणून तेलाच्या जागीं ग्रीस भरावें, हा शोध आमच्याच घरचा. तेल पुन्हां पुन्हां खोबणींत येऊन बसतें. असलें घट्ट ग्रीस एकदां बाजूला सरलें कीं तिकडेच बसून राहातें आणि लोखंड लोखंडावर घासतें. मळसूत्र पुसून त्यांनीं माझें बोट खोबणींतून फिरविलें. टोकाशीं धार अजून कारखान्यांतल्यासारखी. मध्यावर आलें आणि बोट खड्ड्यांत उतरलें. खुंट्यांचीं निमुळतीं डोकीं एका अंगानें चपटीं झालीं होतीं.

"खुंट्यांवर वेल्डिंग करून, घासून भागणार नाही का?" मीं विचारलें. जुन्या वस्तूवरचें प्रेम आणि नव्या वस्तूची किंमत ह्या दोन्ही गोष्टी त्या प्रश्नांत होत्या. पहिलीचें प्रमाण अधिक होतें असें मी शपथेवर सांगणार नाहीं.

"करणारे करतात," मेस्त्री म्हणाले. "मी करत न्हाई. ब्रेक आणि स्टिअरिंग, ह्या दोन जागी उसनं लोखंड घालायचं नसतं."

तशी पेटी अजून नवी मिळते, ही आपल्या देशांतील जीपवाल्यांचीच पुण्याई म्हणावयाची. परंतु जुनी काढण्यांत पहिला सारा दिवस गेला. सुकाणूचें चाक आपल्या दांड्यावर इतकें रुतून बसलें होतें, कीं पुलर लावून, डिझेल पाजून, हलके हातोडे मारून दोन तास झाले तरी तें ढिम्म हललें नाहीं. मेस्त्रींनीं पुलर ताणून ठेवला आणि चहा मागविला. अर्धा कप चहा झाल्यावर खाडकन् आवाज झाला आणि चाक सुटलें. ड्रॉप आर्मही तसाच निघाला. मळसूत्र चाकाच्या लांब दांड्याशीं जोडलेलें असतें. त्यामुळें पेटी काढणें म्हणजे मुळासकट माड काढण्यासारखें आहे. पायाखालचा पत्रा सोडविला, वरचा पट्टा सोडविला, गाडी उचलली, तेव्हां कोठें ती बाहेर आली.

नवी बसवितांना मेस्त्रींनीं दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले, त्यांच्या बरोबर निम्म्यावर तो आणला, पुढचीं चाकें सरळ केलीं, आणि मगच ड्रॉप आर्म चढविला. पेटीचा मध्य आणि रस्त्याचा मध्य एक नसले तर ती कमी खोल खोबण काय कामाची? पेटींत तेल भरलें. ग्रीसचा डबा मीं आपण होऊन दूर ठेवला.

परततांना मींच चालवायला बसलों. वाघबिळापर्यंत जी माझी फजिती झाली ती सांगण्यासारखी नाहीं. मी झोका देई आणि जीप तो तंतोतंत पाळी! डावीकडे, उजवीकडे, डावीकडे—मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानें मला ओलांडतांना बाहेर डोकें काढून माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलें. दिवसाढवळ्या इतकी कोठें मिळाली, असा प्रश्न त्याच्या मुद्रेवर होता. मुलगी हंसली नाहीं. "बाबा, नुसतं धरून ठेवा," ती हळूच म्हणाली. पांच मिनिटें नुसतें धरून ठेवणें मला जमेना. वाघबिळाला मीं गाडी बाजूला घेतली आणि तिला चाकावर बसविलें. ती सरळ घरापर्यंत घेऊन आली. पुलावर तिनें वेग कमी केला. मी शेजारीं बसून दोन्ही हात मांडीखालीं दाबून धरले होते.

आबा आतां शहाऐशीं वर्षांचे आहेत. रस्त्यावर गाडी नेणें त्यांनीं केव्हांच सोडलें. परंतु रोज संध्याकाळीं गोठ्यापासून फाटकापर्यंत आणि परत अशी जीप नेण्याचा त्यांचा नेम आहे. पेटी बदलल्याचें मीं त्यांना सांगितलें होतें. त्यांनीं मान हलविली होती. त्या संध्याकाळीं ते चढून बसले, गाडी सुरू केली, आणि निघाले. अंगणांत जीप सापासारखी वळवळत गेली. तुळशीवृंदावनाजवळ मी पुढें धांवणार, तोंच त्यांनीं ब्रेक दाबला. कांहीं वेळ ते तसेच बसून राहिले. मग त्यांनीं आपले हात चाकावरून उचलून डोळ्यांसमोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले. मला वाटलें, ते हात थरथरतात म्हणून पाहाताहेत. नंतर मनांत आलें, कीं तसें नसावें. पुलापलीकडे मींही माझ्या हातांकडे तसेंच पाहिलें होतें.

"किती वर्षं झाली रे?" त्यांनीं विचारलें.

"कशाला?"

"ढिली होऊन."

"मला कुठं माहीत, आबा."

"मलाही न्हाई," ते म्हणाले. मग नातीला हांक मारून त्यांनीं किल्ली तिच्या हातांत दिली आणि आपण शेजारच्या बैठकीवर सरकले. दोघें फाटकापर्यंत जाऊन आलीं. उतरतांना त्यांनीं विचारलें, "जुनी पेटी कुठं टाकलीस?"

"मेस्त्रींकडे आहे. भंगारांत जाईल."

"घेऊन ये."

पुढच्या खेपेला मीं ती आणली. आतां ती सोप्यांत, त्यांच्या खाटेजवळच्या कट्ट्यावर असते. झांकण त्यांनीं मुद्दाम लावूं दिलेलें नाहीं. शेजारचीं पोरें आलीं कीं ते एकाला दांडा फिरवायला लावतात आणि दुसऱ्याचें बोट धरून खोबणींत ठेवतात. "फिरव सावकाश," म्हणतात, "आता बघ, मधी आलं की खाली जातं का न्हाई!"