दोघांचा एक श्वास

आज राजदूत ३५० एका कार्बुरेटरवर सुरू झाली. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने आणलेली ही टू-स्ट्रोक गाडी मुळात दोन सिलिंडर, दोन कार्बुरेटरची. मूठ पिळली की दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. केसभर फरक पडला तरी एक सिलिंडर ओढतो, दुसरा नुसता ओढला जातो. ते जुळवताना मिस्त्रींचा कान तासन् तास इंजिनाला लागलेला असायचा.

आता दोन्ही सिलिंडरांकडे फाटे फुटलेली नळी आणि मागे एकच कार्बुरेटर. जेट मात्र नव्याने शोधावे लागले, प्लगच्या टोकाचा रंग पाहत पाहत. दोन्ही पिस्टन १८० अंशांच्या अंतराने फिरतात. एक वर जाताना मिश्रण आत खेचतो, तेव्हा दुसरा खाली येत असतो. एकाच माठातलं पाणी दोन भावांनी आळीपाळीने प्यावं, तसं. हे कळलं आणि मन निवलं.

गाडी आता उभ्या जागी एकसुरात चालते. पण वरच्या आरपीएमला अंगावर काटा आणणारी ती झेप ओसरली आहे. दादाला तीच झेप प्रिय होती. काढलेली कार्बुरेटरची जोडी तेल लावून कपाटात ठेवली. विकायला हात धजत नाही. जोर सोडून समतोल घ्यावासा वाटणं ही समज की थकवा, ते मला अजून उमगलेलं नाही. दिवाळीत दादा आला की चावी त्याच्याच हातात देईन.