कांदा-लसूण मसाल्याचे हात

ऊन तापलंय, मसाल्याचा घाट घातलाय. खंडाळा तालुक्यात राहून कांद्याची ददात नाही. लोणंदची बाजारपेठ कांद्यासाठीच नावाजलेली. खरी परीक्षा लसणाची. सोलता सोलता नखांच्या कडा चिकट झाल्या, साली बोटांना डसल्या आणि साबणाने धुऊनही वास जागच्या जागी. पाकळी चिरडली की गंधकाची संयुगं तयार होतात. ती पाण्याला फारशी दाद देत नाहीत. आत्याबाई म्हणतात, "आधी गोडेतेल चोळ, मग डाळीचं पीठ." बरोबरच आहे. ती तेलात विरघळतात आणि पीठ ते तेल ओढून घेतं. नळाखाली स्टीलचा चमचा चोळायची टूम हल्ली जिकडेतिकडे. मला तरी त्यात फारसा दम दिसला नाही.

मासळीचं गणित वेगळं. तो वास अमाइनांचा, आम्लाच्या उलट स्वभावाचा. त्याला लिंबू, चिंच, आमसूल असं आंबटच लागतं. लसणावर लिंबू चोळलं तर दोन्ही वास नांदतात, शिवाय नखाशी चीर असेल तर झोंबतं ते वेगळंच.

मिरच्यांची देठं खुडायच्या दिवशी मात्र तेल आधीच लावा, आणि डोळ्यांना हात लावू नका.