माया नगरींच्या चित्रफितीतील दीड मिनिट

गेल्या माघात आम्ही उभयतांनी मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाचा प्रवास केला. सासूबाईंना वयोमानामुळे एवढा लांबचा प्रवास झेपणारा नव्हता. जे पाहू ते त्यांना घरबसल्या दाखवावे, या हेतूने एक छोटा कॅमेरा सोबत घेतला होता. परतल्यावर दोन महिने संगणकावर संकलन करून चाळीस मिनिटांची चित्रफीत घरीच तयार केली. तीतील दीड मिनिटाच्या एका भागावरून आमच्या घरात जी चर्चा झाली, ती समाजबांधवांपुढे ठेवण्याजोगी वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

चित्रफितीचा आरंभ चिचेन इत्सा येथील कुकुलकानच्या मंदिराने होतो. नऊ टप्प्यांचा हा मनोरा माथ्यावरील देवघरासह सुमारे 30 मीटर उंच आहे. चारही बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या आणि माथ्याची एक पायरी, अशी बेरीज 365 होते; म्हणजे वर्षाचे दिवसच त्या लोकांनी दगडात मांडले. आता वर चढण्यास मनाई आहे. ड्रोन आणि ट्रायपॉड परवानगीवाचून वापरता येत नाहीत. त्यामुळे आमचे सारे चित्रण हातात धरलेल्या कॅमेऱ्याचे आहे. पायऱ्यांसमोर उभे राहून टाळी वाजविली की प्रतिध्वनी पक्ष्याच्या शिळेसारखा परत येतो. सासूबाईंनी तेवढा भाग तीनदा पाहिला.

उश्माल येथे आम्ही सकाळी लवकर पोहोचलो. चुनखडीच्या शुभ्र दगडावर दुपारचे ऊन पडले की कोरीवकाम सपाट दिसते. तिरप्या उन्हात मात्र प्रत्येक रेषा सावली टाकते. पर्जन्यदेव चाकचे लांब, वळलेल्या नाकाचे मुखवटे तेथील भिंतींवर ओळीने कोरलेले आहेत. या भागात नद्या नाहीत. पावसाचे पाणी साठविण्यासाठी जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खोदलेली आहेत. त्यांना ‘चुल्तुन’ म्हणतात. पाण्याची एवढी चिंता असलेल्या नगरीत पर्जन्यदेवाचे इतके मुखवटे का असावेत, हे निवेदनात वेगळे सांगावे लागले नाही.

आहाराविषयी वाचकांना कुतूहल असेल. चुन्याच्या पाण्यात शिजविलेल्या मक्याची भाकरी सर्वत्र मिळते, आणि ‘चाया’ नावाच्या पाल्याची शिजवलेली भाजीही मिळते. घेवडा मात्र पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात; तेव्हा ‘सिन मांतेका’, म्हणजे चरबीविना, हे शब्द आम्ही पाठ करून ठेवले होते. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम थोड्या आखणीने पाळता आला.

आता त्या दीड मिनिटाविषयी. चिचेन इत्सा येथे 168 मीटर लांबीचे भव्य चेंडूमैदान आहे. त्याच्या भिंतीवर शिरच्छेद झालेल्या खेळाडूचे शिल्प असून मानेतून उसळणारे रक्त सर्पांच्या रूपात कोरले आहे. जवळच एका चौथऱ्यावर कवट्यांच्या रांगाच रांगा कोरलेल्या दिसतात. उत्तरेस ‘पवित्र सेनोते’ हे विस्तीर्ण नैसर्गिक कुंड आहे. त्यातून सोने व हिरवे जेड यांच्यासह माणसांचे सांगाडे निघाले. त्यांत मुलांचेही होते. हे सर्व आम्ही चित्रित केले होते. कच्ची फीत पाहताना सासूबाईंनी मान फिरविली. “अगं, हे पाहवत नाही. ज्यांनी देवाला माणसे वाहिली, त्यांचे कौतुक आपण कशाला सांगायचे? एवढे काढून टाक.” यजमानांचेही तेच मत पडले. चित्रफीत पुढे मंदिराच्या सभागृहात महिला मंडळालाही दाखवायची होती. लहान मुले असतील, असे ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे गैर नव्हते. ज्या घरात दिव्यावर पतंग येऊ नये म्हणून काळजी घेतात, तेथे ही शिल्पे मनाला टोचणारच. तरीही माझे मन कात्री चालवायला धजेना. याचे कारण आमच्या प्रवासातील पुढचे गाव होते.

उश्मालहून फार दूर नसलेल्या मानी या गावी फ्रान्सिस्कन पंथीयांचा एक विशाल मठ आजही उभा आहे. 12 जुलै 1562 रोजी दिएगो दे लांदा या धर्मगुरूने येथे माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या जाहीरपणे जाळल्या. लोक गुप्तपणे मूर्तिपूजा करतात, हे त्याचे कारण. त्या चौकशीत नरबळीचे आरोपही पुढे आले आणि अनेकांचा अमानुष छळ झाला. पोथ्या जळताना लोकांना अतोनात दुःख झाले, अशी नोंद लांदाने स्वतःच करून ठेवली आहे. आज माया लिपीतील केवळ चार पोथ्या शिल्लक आहेत. ड्रेस्डेन, माद्रिद, पॅरिस आणि मेक्सिको सिटी येथे त्या जपल्या आहेत. ड्रेस्डेनच्या पोथीत शुक्राच्या उदयास्ताची आणि ग्रहणांची कोष्टके आहेत. शिंपल्याच्या चिन्हाने शून्य लिहिले आहे. जळालेल्या पोथ्यांत काय होते, हे आता कोणालाही कळणार नाही. पुढे त्याच लांदाने लिहून ठेवलेल्या अक्षरचिन्हांच्या आधारे युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत संशोधकाने 1952 मध्ये लिपीच्या वाचनाची दिशा दाखविली, हाही त्या इतिहासाचाच भाग आहे.

हा भाग पाहून सासूबाईंनी विचारले, “चारच उरल्या?” मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. श्रुतपंचमीला जिनवाणीची पूजा ज्यांनी आयुष्यभर केली, त्यांना पोथी जळणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत धवला टीकेची ताडपत्रे कित्येक शतके जपली गेली, म्हणूनच 1939 मध्ये डॉ. हिरालाल जैन यांना अमरावतीहून तिचा पहिला खंड प्रकाशित करता आला. “मग ते राहू दे,” त्या अखेर म्हणाल्या. “पण त्यावर वाद्ये वाजवू नकोस.”

त्याप्रमाणे तो भाग ठेवला. तेथे संगीत नाही, केवळ वाऱ्याचा आवाज आहे. निवेदनात हिंसेला हिंसाच म्हटले आहे, आणि लगेच मानीचा मठ येतो. एका दोषावरून अख्ख्या समाजाचे ज्ञान अग्नीत टाकणारा मनुष्यही हिंसाच करतो, हे त्या दोन दृश्यांच्या सान्निध्यातून कळावे, एवढीच अपेक्षा. वस्तूला अनेक अंगे असतात, असे आपण नित्य म्हणतो. अप्रिय अंग समोर आले म्हणजे त्या वचनाची परीक्षा होते. ‘लुप्त झालेले माया लोक’ हा नेहमीचा शब्दप्रयोगही निवेदनात येऊ दिला नाही, कारण त्यांचे लाखो वंशज आजही तेथे राहतात. मातृभाषा माया असलेल्या आमच्या मार्गदर्शकाने कॅमेऱ्यासमोर अंक मोजून दाखविले: हुन, का, ओश, कान, हो. शेवटचे दृश्य तेच आहे.

महिला मंडळात चित्रफीत दाखविल्यानंतर एका भगिनीने आपल्या माहेरच्या माळ्यावर रुमालात बांधलेल्या हस्तलिखित पोथ्या असल्याचे सांगितले. पुढच्या रविवारी आम्ही तोच कॅमेरा घेऊन तेथे गेलो आणि पानन् पान टिपून घेतले. काही पानांना कसर लागली होती, पण अक्षर शाबूत होते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशा पोथ्या असतील, त्यांनी येत्या श्रुतपंचमीपूर्वी एकदा त्यांचे रुमाल सोडून पाहावे, ही विनंती.