मालक एक, पाट्या अनेक

दांडी हे नाव सांगितले की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे ती मिठाची?" मी सांगतो, नव्हे, १९३० साली गांधीजींनी मीठ उचलले ती दांडी गुजरातेत, नवसारीकडे. मग तो म्हणतो, "हां, म्हणजे मालवणची!" तीही नव्हे. आमची दांडी पालघर जिल्ह्यातली. बोईसरला उतरायचे आणि समुद्र आडवा येईपर्यंत जात राहायचे. शिवाय शाळेला मारायची दांडी निराळी आणि कपडे वाळत घालायची निराळी. एकूण, पाटी एक आणि मालक अनेक असा हा प्रकार. त्यामुळे याच्या बरोबर उलटा, म्हणजे मालक एक आणि पाट्या अनेक असा धंदा जगात कोणी करीत असेल आणि त्यावर गबर होत असेल, हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. ते शिरवले आमच्या आळीतल्या एका पोराने.

हा पोरगा बोटीवर असतो. दांडीत ही काही सांगण्याजोगी गोष्ट नव्हे. पोर बोटीवर नसेल तरच लोक चौकशी करतात. पण इतरांच्या बोटी बोंबील, पापलेट आणतात आणि याची बोट माणसे फिरवते. पहिल्या सुटीवर आला तेव्हा त्याच्या आजीने विचारले, "तुमच्या बोटीवर जाळी किती रे?"

"जाळी नाय ग आजी."

"मग धरता काय?"

"माणसं."

म्हातारीने अंमळ विचार केला आणि म्हणाली, "बर्फ पुष्कळ लागत असेल."

बर्फ पुष्कळ लागतो हे खरेच होते. फक्त तो पेल्यांतून लागतो.

दुसऱ्या सुटीला हा गृहस्थ भलत्याच नावाची टोपी घालून आला. मला वाटले, नोकरी सुटली. मी आपले जपून विचारले, तर म्हणाला, "नाय काका, कंपनी तीच. पाटी बदलली. आधीच्या बोटीवर मी हसून 'हाय' म्हणायचो, आता त्याच पगारात वाकून 'गुड इव्हिनिंग, सर' म्हणतो."

त्याच्या कंपनीचे नाव मी इथे घेत नाही. पोराची नोकरी आहे. पण या धंद्यातले सगळ्यात मोठे घराणे म्हणजे अमेरिकेतल्या मायामीचे कार्निव्हल, आणि त्याची कुंडली उघड आहे. १९७२ साली टेड ॲरिसन नावाच्या गृहस्थाने एक जुनी बोट घेऊन दुकान मांडले. 'मार्डी ग्रा' हे तिचे नाव. पहिल्याच सफरीला ती मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतून बसली. आमच्या किनाऱ्यावर असे झाले असते तर नारळ, कोंबडे, सगळे उपाय झाले असते आणि तरी लोकांनी ती बोट अपशकुनी ठरवलीच असती. ॲरिसनसाहेबांनी मात्र हळूहळू दुसऱ्यांची दुकाने विकत घ्यायला सुरुवात केली. १९८९ साली हॉलंड अमेरिका घेतली, १९९८ साली कुनार्ड. इटलीची कोस्टा २००० सालापर्यंत पुरती पदरात पडली. २००३ साली तर प्रिन्सेस, पी. अँड ओ. आणि जर्मनांची आयडा असे सगळे एकत्र कुटुंबच घरात आले. पी. अँड ओ. म्हणजे तीच, जिच्या बोटीत बसून आपल्याकडचे लोक बॅरिस्टर व्हायला विलायतेला जात. तोपर्यंत ॲरिसनसाहेब निवर्तले होते, पण चिरंजीवांनी गादी नीट चालवली होती.

आता माझ्यासारख्याला वाटणार, की एवढे सगळे आपले झाले तर आधी रंगाऱ्याला बोलावून सगळ्यांवर एकच नाव घालावे. तसे त्यांनी केले नाही, आणि सगळी अक्कल तिथेच आहे. ज्याला नाचायचे, ओरडायचे, घसरगुंडीवरून पाण्यात पडायचे त्याने कार्निव्हलवर जावे. ज्याला संध्याकाळी पुस्तक वाचून दहाला झोपायचे असते त्याच्यासाठी हॉलंड अमेरिका. ज्याला काळा कोट घालून जेवल्याशिवाय अन्न गोड लागत नाही, त्याच्यासाठी कुनार्ड. तिथे तर कोणी कुठल्या दालनात जेवायचे हेसुद्धा त्याच्या खोलीच्या भाड्यावर ठरते. जर्मनांना आयडा. तिच्या नाकाडावर लालभडक ओठ आणि मोठाले डोळे रंगवलेले असतात आणि आत सगळा व्यवहार जर्मन भाषेत. इटालियन माणसाला कोस्टा, कारण सुटीवर गेल्यावर आपली कॉफी आपल्याला मिळाली पाहिजे, आणि या मुद्द्यावर माझी सर्व इटालियन जनतेला सहानुभूती आहे.

आणि यातली गंमत अशी, की पाटीखालचे लाकूड, म्हणजे लोखंड, पुष्कळदा एकाच साच्याचे असते. एकच नकाशा, तेच कारखाने. आत पडदे, गालिचे आणि झुंबरे तेवढी घराण्याप्रमाणे. पी. अँड ओ.ची 'आर्केडिया' नावाची बोट आहे. तिची मागणी आधी हॉलंड अमेरिकेसाठी घातली होती. मग ठरले की कुनार्डला द्यावी, 'क्वीन व्हिक्टोरिया' असे नावही ठरले, आणि शेवटी २००५ साली ती गेली पी. अँड ओ.कडे. एका मुलीचे तीन घरी जमवून तिसऱ्या घरी लग्न लावल्यासारखे हे झाले. पण मुलीची कुठेच तक्रार नाही, कारण तिन्ही घरांचा सासरा एकच!

हे ऐकून मला प्रथम राग आला. ही शुद्ध फसवणूक आहे असे मी आमच्या घरी जाहीर केले. त्यावर आमच्या सौ. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मग आपली एसटी काय करते?"

मी गप्प झालो. कारण खरोखरच, आपली एसटी काय करते? १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली तेव्हा एसटी म्हणजे एसटी होती. मग १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले आणि 'एशियाड' गाडी आपल्या भाषेत आली. पुढे निमआराम गाडीची 'हिरकणी' झाली. (रायगडचा कडा रात्री अंधारात उतरून गेलेल्या बाईचे नाव निमआराम गाडीला द्यायचे, याला धाडस लागते.) पुण्याला जाणाऱ्या गारेगार गाडीला 'शिवनेरी', २०१७ साली 'शिवशाही', पंढरीच्या वाटेसाठी 'विठाई', आणि २०२२ साली विजेवरची 'शिवाई'. कार्निव्हलवाल्यांनी मायामीत बसून राण्या आणि राजकन्या गोळा केल्या. आपण गड, देव आणि महाराज घेतले. मालक एकच, महामंडळ. आणि आपल्यापैकी कोणाला कधी फसवल्यासारखे वाटले आहे? शिवनेरीतून उतरणारा माणूस आपण 'एसटीने आलो' असे म्हणत नाही. "शिवनेरीने आलो," म्हणतो. त्या एका शब्दासाठी त्याने वरचे पैसे मोजलेले असतात.

सौ.ना अर्थात या सर्व तत्त्वज्ञानात रस नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत अर्धे तिकीट झाले आहे. तेव्हापासून पाटी कुठलीही असो, "तुमच्या एका तिकिटात माझं जाणं-येणं होतं," एवढाच त्यांचा या विषयातला सिद्धान्त. सगळ्या पाट्यांवरून आडवा जाणारा असा सिद्धान्त मायामीवाल्यांनाही सुचलेला नाही.

तर राग गेला, पण एक कुसळ राहिले. माणूस ते जादा पैसे मोजतो कशाचे? गादीचे, गारव्याचे, हे कबूल. पण त्यातला निम्मा भाग, मला वाटते, शेजारी कोण बसणार याचा असतो. पूर्वीच्या बोटींत वरचा डेक आणि खालचा डेक असे. भेद होताच, चांगला ठळक होता. पण बोट एक होती. वरच्याला खालचा दिसे, निदान चढता-उतरता तरी दिसे, आणि वारा सुटला की दोघांचीही पोटे एकदमच ढवळत. आता मजले काढून बोटीच वेगळ्या केल्या. नाचणाऱ्याला वाचणारा दिसत नाही, वाचणाऱ्याला नाचणारा दिसत नाही, आणि दोघेही घरी जाऊन सांगतात की काय छान माणसे होती हो, अगदी आपल्यासारखी!

आमच्या दांडीच्या लाल गाडीला ही सोय नाही. सकाळी ती बोईसरकडे निघते तेव्हा तिच्यात एमआयडीसीतल्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारे असतात, कॉलेजची पोरे असतात, तपासणीचे कागद छातीशी धरलेले आजोबा असतात, आणि मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या मावश्या असतात. या पाट्या मात्र वाचायच्या नव्हेत, वास घ्यायच्या. एकदा इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून म्हणाले, "यांच्यासाठी वेगळी गाडी सोडायला पाहिजे." मावशीने पाटी दोन बोटे अलीकडे ओढली आणि म्हणाली, "सोडा की. पण भाऊ, तुमच्या घरी रविवारी मासळी कुठल्या गाडीनं येते?" कंडक्टरने हसू दाबायला जोरात घंटी मारली. ते गृहस्थ बोईसर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. उतरताना मात्र त्यांनी तिची पाटी खाली घ्यायला हात लावला. वेगळी गाडी असती तर हा प्रश्नही कोणी विचारला नसता आणि हातही लागला नसता.

पण मावशीला साधी समजू नये. वेगवेगळ्या गाड्यांचे शास्त्र तिला मायामीपेक्षा जास्त कळते. एकाच बोटीतून एकाच जाळ्यात आलेली मासळी ती किनाऱ्यावर क्षणात लावते. मोठे पापलेट एकीकडे बर्फात, त्याच्याकडे बघायचेसुद्धा पैसे. (२०२३ साली सरकारने त्याला राज्यमासा केल्यापासून तर ते अधिकच आखडून बसलेले दिसते.) मधले पापलेट दुसरीकडे, बोंबील ओले वेगळे, वाळवायचे वेगळे, आणि तळाचा बारीक चुरा खताला. समुद्र एक, जाळे एक, दर पाच. पोराची कंपनी काय करते हे मी तिला समजावून सांगायला गेलो, तर म्हणाली, "त्यात सांगण्यासारखं काय? सगळ्यांना एका टोपलीत ठेवलं तर मोठ्याचाही भाव जातो." तीच मावशी स्वतःच्या बसण्यासाठी मात्र वेगळी टोपली मागत नाही. या दोन गोष्टींत विसंगती आहे असे मला वाटते. तिला वाटत नाही. मासळी मासळी आहे आणि माणूस माणूस आहे, एवढे तिचे स्वच्छ आहे.

राहता राहिली एका बोटीची गोष्ट. १९९० साली इटलीतल्या मोनफाल्कोनेच्या गोदीतून 'क्राऊन प्रिन्सेस' नावाची एक पांढरीशुभ्र बोट बाहेर पडली. अमेरिकन पाहुण्यांना हिंडवून झाले, तेव्हा २००२ साली तिला जर्मनांसाठी 'आरोझा ब्लू' केले. २००४ साली ती 'आयडाब्लू' झाली. २००७ साली तिच्यावर इंग्रजांसाठी 'ओशन व्हिलेज टू' हे नाव आले. इथे टाय न लावता हिंडणारे इंग्रज अपेक्षित होते. २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या पी. अँड ओ.ने तिला 'पॅसिफिक ज्युएल' म्हणून नेले. मधल्या मध्ये २००३ साली घराण्याचा मालकच बदलला, पण बोट घरातल्या घरातच फिरत राहिली. थोरलीचा परकर धाकटीला, धाकटीचा तिच्याहून धाकटीला, तसे. (ऑस्ट्रेलियातली ती पाटीसुद्धा मार्च २०२५मध्ये उतरवली आणि उरलेल्या बोटी कार्निव्हलच्या नावात घेतल्या.) अखेर ही बोट घराबाहेर विकली गेली आणि एप्रिल २०१९मध्ये आली कुठे? मुंबईला. 'जलेश' नावाच्या आपल्या नव्या कंपनीची 'कर्णिका' होऊन! इतक्या वर्षांत अमेरिकन, जर्मन, इंग्रज, ऑस्ट्रेलियन असे सगळे चवीने जेवून गेल्यावर तिच्या स्वयंपाकघरात शेवटी जैन थाळी शिजली. वर्षभरात करोना आला, बंदरे बंद झाली, कंपनी बुडाली, आणि २०२० साली कर्णिका भंगारात निघाली.

भंगार म्हणजे गुजरातेतले अलंग. मुंबईहून अलंगला जायचे तर वाट आमच्याच समुद्रावरून, पालघर-डहाणूचा किनारा उजव्या हाताला ठेवून. ती गेली तेव्हा कोणी पाहिली नाही; बरीच लांबून गेली असणार, आणि तिच्यात पाहुणा म्हणून एकही माणूस नव्हता. नाचणारे नव्हते, वाचणारे नव्हते, जर्मन नव्हते, जैन नव्हते. पाच-सहा नावांचे रंग एकावर एक बसलेली ती एकटी बोट दांडीपुढून निघून गेली.

अलंगच्या रस्त्याला म्हणे मैलभर दुकाने आहेत. फोडलेल्या बोटींतल्या खुर्च्या, आरसे, पलंग, ताटल्या तिथे मांडून विकतात. तिथे पाटी विचारायची पद्धत नाही. काळ्या कोटवाल्याची खुर्ची आणि घसरगुंडीवाल्याची खुर्ची एकाच ढिगात असते. घेणारा ती उचलतो, उलटी करतो, जमिनीवर ठेवून जरा हलवून बघतो. डुगडुगत नसली की पैसे देऊन डोक्यावर घेतो आणि चालू लागतो.