संस्कृती नेमकी कोणाची?

मी माजिवड्याची, त्यात कॉन्व्हेंटची. त्यामुळे 'तुला काय कळणार आपली संस्कृती!' हे लहानपणापासून ऐकत आलेय. म्हणून मित्रांनो, जरा जुन्या गोष्टी वाचून काढल्या.

१ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीत मायकेल जॅक्सन नाचला, तोही शिवउद्योग सेनेसाठी! युती सरकारने करमणूक कर माफ केला. तेव्हा संस्कृती बुडाली नाही. पुढे व्हॅलेंटाइन डेला त्याच पक्षाचे कार्यकर्ते ग्रीटिंग कार्डं जाळू लागले, तेव्हा मात्र ती एकदम धोक्यात आली!

मग दुसरी बाजू धुतल्या तांदळासारखी? छे! २००५ मध्ये आघाडी सरकारने डान्स बार बंद केले, पण थ्री-स्टार आणि त्यावरची हॉटेलं वगळून. म्हणजे नाच तोच, फक्त बिल मोठं असलं की सभ्य! २०१३ ला सुप्रीम कोर्टानेही ही बंदी टिकू दिली नाही. पण तोवर कितीजणींची रोजीरोटी गेली, त्याचं काय?

नेत्यांचा राग येतोच. त्याहून जास्त येतो आपल्या मेसमधल्या वादांचा. आपल्या पक्षाचं निघालं की 'त्यात काय एवढं', दुसऱ्याचं निघालं की 'बघा, बघा!'

मी तरी मत देताना दोघांना एकाच पट्टीने मोजणार. आणि तुम्ही?